आधी सुई, मग घास

कासा नाक्याजवळ डायबेटिसचा दवाखाना चालवायचा म्हणजे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पेशंट शुगरचा रिपोर्ट घरी विसरून येतात, पण सांगायची गोष्ट विसरत नाहीत! मी डॉक्टर असले तरी निम्मा वेळ माझं काम ऐकायचंच असतं. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "सांग गं तुझ्या इन्सुलिनवाल्यांचं." आणि मग मी थांबत नाही.

*

चिंचणीच्या हेमलतामावशी मासळी विकतात. त्यांना मी सुरुवातीला जुनं, साधं इन्सुलिन दिलं होतं. ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं, कारण त्याचा असर हळूहळू सुरू होतो.

एका दुपारी मावशींनी सुई घेतली आणि डबा उघडणार तोच गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. पापलेट संपेपर्यंत मावशी उठल्याच नाहीत. मग दरदरून घाम, हातापायांना कापरं! शेजारच्या बाईने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी मी रागावणार होते. त्याआधी मावशीच म्हणाल्या, "डॉक्टरबाई, माझं जेवण कधी होईल ते मलाच माहीत नसतं. त्या सुईला अर्धा तास आधी कसं सांगू?"

मी रागावलेच नाही. त्यांना फास्ट इन्सुलिनचं पेन दिलं. डबा उघडून समोर ठेवायचा, सुई घ्यायची आणि लगेच जेवायला लागायचं. तेव्हापासून मावशींची शुगर एकदाही तशी खाली गेलेली नाही.

*

याच मावशी. मी त्यांना सांगितलं होतं, "लाजायचं नाही, जिथे असाल तिथे घ्या." त्यांनी ते फारच मनावर घेतलं. भर बाजारात, पाटीमागे बसून पदर जरा सरकवला आणि पेन पोटाला लावलं.

समोर मुंबईहून आलेल्या एक बाई सुरमई बघत होत्या. त्या दचकून मागेच सरकल्या. "अहो, हे इंजेक्शन कसलं?"

मावशी म्हणाल्या, "घाबरू नका ताई. मासा ताजा आहे. इंजेक्शन मला दिलंय, माशाला नाही!"

*

वसंतकाकांची डहाणूला चिकूची वाडी आहे. फास्ट इन्सुलिनचं नाव कानावर पडताच ते आले.

"डॉक्टर, सगळ्यात फास्टवाली द्या. आता चिकू खायला मोकळा!"

"काका, फास्ट म्हणजे जास्त ताकदीची नव्हे. ती लवकर काम सुरू करते, एवढंच. आणि लवकर संपतेही."

काकांनी विचार केला. "म्हणजे लवकर येते, लवकर जाते?"

"हो."

"मग चांगली आहे. आमच्या जावयाने शिकावं तिच्याकडून!"

*

सायवनच्या एका पाड्यावर लक्ष्मणदादा राहतात. थोडी भातशेती, बाकी मजुरी. त्यांना सरकारी दवाखान्यातून साधं इन्सुलिन मिळतं. घरी फ्रीज नाही, म्हणून बाटली पिशवीत बांधून पाण्याच्या माठाशेजारी, ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवतात.

मी म्हटलं, "दादा, आता नवीन आलंय. अर्धा तास थांबायला नको."

"जुनं वाईट आहे का?"

"नाही. वेळ पाळली तर उत्तम आहे."

"मग राहू द्या. सुई घेतो, कोंबड्या आत घेतो, गाईला पेंढा टाकतो. तोवर बायको भाकरी वाढते. मी थांबतो कुठे?"

त्यांचा तीन महिन्यांचा रिपोर्ट आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. माझ्या अख्ख्या दवाखान्यात इतका सुंदर रिपोर्ट कुणाचा नव्हता! वसंतकाका तेव्हा बाकावर बसले होते. दादांच्या परवानगीने मी तो मोठ्याने वाचून दाखवला.

काका ताडकन उठले. "डॉक्टर, मलापण ती स्लोवालीच द्या!"

"काका, सुई तीच राहू दे. तुम्ही फक्त चिकू सोडा."

काका पुन्हा खाली बसले.

*

आणि आमची सुवर्णा. तलासरीची. लहानपणीच टाइप वन डायबेटिस निघाला, तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी सुई. माझ्यासमोर वाढली, शिकली, आता शाळेत शिकवते.

तिला बघायला पाहुणे येणार होते. तिचे वडील मला म्हणाले, "बाई, तुम्हीपण या. पोरगी ऐकत नाही. मी म्हटलं, लग्न ठरू दे, मग सांगू. तर म्हणते, लपवून बसायचं असेल तर मी बसतच नाही."

मी गेले. मुलगा चांगला वाटला. बोलणी हसतखेळत झाली, ताटं वाढली गेली. सुवर्णाने सगळ्यांसमोर पर्समधून पेन काढलं, सुई लावली.

मुलाच्या आईने विचारलं, "हे काय?"

"इन्सुलिन. मला डायबेटिस आहे, लहानपणापासून. जेवताना घ्यावं लागतं," सुवर्णा म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. मला वाटलं, उठून टाळ्या वाजवाव्यात!

तिच्या वडिलांनी मात्र मान खाली घातली.

"थांब," मुलाची आई म्हणाली. "टोचू नकोस."

सुवर्णाचा हात तिथेच थांबला. मी काहीतरी बोलणार, तोच त्या बाई उठल्या, कोपऱ्यात ठेवलेली आपली पिशवी घेऊन आल्या आणि सुवर्णाला खेटून बसल्या. पिशवीतून त्यांनी छोटी बाटली आणि सिरिंज काढली. त्यांचा मुलगा बघतच राहिला. "आई? तुला कधीपासून?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुझी लगेचची दिसते," त्या सुवर्णाला म्हणाल्या. "माझी अर्ध्या तासाची आहे. मी आधी घेते, मग तू घे. बरोबर जेवू."

अर्धा तास वरणभात निवत राहिला. एकानेही घास उचलला नाही.