दीड आटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — त्याला ठाऊक असेल म्हणा, पण मी होऊन सांगितलेलं नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगतो. मध्येच मी त्या मशीनच्या नादात वाहवत जाईन, तेवढं चालवून घ्या. इतकी वर्षं झाली तरी तिचा विषय निघाला की माझे हात शिवशिवतात.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. बेळगावात, शहापूरला माझं गॅरेज. परशा वडगावचा, घरी साड्यांचे यंत्रमाग. शाळेपासूनचे आम्ही दोस्त आणि दोघांना खूळ एकच — लष्कराच्या लिलावातून येणाऱ्या, युद्धाच्या काळातल्या जुन्या मोटारसायकली. रस्त्यासाठी नव्हेतच त्या. उंच, दणकट, चिखलात आणि दगडधोंड्यांत घालायच्या. अशी एक आम्ही भंगारातून उभी केली होती. दुरुस्ती माझी, चालवणं परशाचं. आणि काय चालवायचा! माळावरच्या चढाला सीटवरून उठून, गाडी ढोपरांत धरून असा सुटायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

मग एके दिवशी मागाच्या दातेरी चाकांत त्याचा डावा हात सापडला. चार बोटं गेली, अंगठा राहिला. आता सांगा, क्लच ओढायचा डाव्या हातानं — बोटांशिवाय ओढणार कसा? तो गॅरेजवर यायचा, गाडीवर बसायचा आणि तसाच उतरायचा. ते मला बघवत नव्हतं.

अशात दुरुस्तीला आलेली एक मोपेड मी खोलली आणि ओरडलोच — अरे, हिला क्लचची दांडीच नाही! आत ब्रेकच्या लायनरसारखे वजनदार तुकडे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा, बस. इंजिन सावकाश चालतं तोवर स्प्रिंगा तुकडे आत ओढून धरतात आणि गाडी उभी राहते. उजवी मूठ पिळून वेग वाढवला की तुकडे बाहेर फेकले जातात, भोवतीच्या ड्रमला भिडतात आणि गाडी निघते. हात लावायचं कामच नाही! मग हेच आपल्या धुडाला का बसवू नये?

आम्ही दोघं पिसाटलो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर मोठा ड्रम कातून घेतला. तो डगडगला, दुसरा कातला. स्प्रिंगा काही जमेनात, एक नरम पडे तर एक कडक. शेवटी परशानं घरच्या मागाच्या जुन्या स्प्रिंगा आणल्या. ज्या मागानं बोटं नेली, त्याच मागाच्या — आणि त्या चपखल बसल्या! तो पहिल्यांदा एकटा चढ चढून आला तेव्हा खाली उतरून त्यानं मला मिठी मारली. दोघंही काळ्या तेलानं माखलेले. मी रडलो, खोटं कशाला सांगू?

आता मुद्द्यावर येतो. यायलाच हवं.

निपाणीच्या अलीकडे एका माळावर गाड्यांची चढाची शर्यत होती. टेम्पोत गाडी घालून आम्ही सकाळीच पोचलो. परशाची थोरली बहीण, आमची आक्का, बोरगावला दिलेली. ती नारळ, हळदीकुंकू आणि लिंबू घेऊन आली होती. भाऊ पुन्हा गाडीवर बसणार म्हणून तिच्या चेहऱ्यावरचं हसू हटत नव्हतं. पण थंडी होती आणि गाडी दोनदा बंद पडली. लोक हसायला लागले. मूठ न पिळता इंजिन किती वेगानं चालावं, ते ठरवणारा एक छोटा स्क्रू असतो. मी वाकलो आणि तो दीड आटा आत पिळला. गाडी घुमायला लागली.

परशाचा कान मागावर तयार झालेला. तो लगेच म्हणाला, "बाळ्या, लई वर बोलतीया रं गाडी."

"थंडी हाय. गरम झाली की बसंल खाली," मी म्हणालो.

गरम झाल्यावर वेग उलट वाढतो, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण लोक बघत होते — आणि माझा क्लच त्यांच्यासमोर बंद पडायला नको होता.

परशानं ऐटीत गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. "बग आक्का, गिअरात हाय, तरी जागची हालत न्हाय!" साध्या गाडीनं असं उभं राहून दाखवावं! आक्कानं गाडीच्या दिव्याला कुंकू लावलं, नारळ वाढवला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला वाकली. इंजिन तापलं होतं. तुकडे ड्रमला भिडले आणि गाडीनं उडी घेतली.

आक्काच्या मांडीचं हाड मोडलं. सगळे म्हणाले, परशानं मूठ पिळली. तिला जीपमध्ये घालून निपाणीला नेलं, परशा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी मागं राहिलो. आणि माळावर कुणी बघत नाही असं पाहून खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि तो स्क्रू दीड आटा परत मागं घेतला.

आठवड्यानं परशा गॅरेजवर आला. गाडी चालू केली, चांगली तापू दिली, गिअरमध्ये टाकली आणि मुठीवरचा हात काढून घेतला. गाडी जागची हलली नाही. मग तो माझ्याकडं वळला.

"बगितलंस? तुझा क्लच बराबर हाय. माझ्याच हातानं मूठ पिळली गेली."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. "व्हय," म्हणालो.

त्यानंतर तो गाडीवर बसला नाही. मी मात्र असे क्लच आणखी तिघांच्या गाड्यांना बसवले, एक तर पार लोंढा गावच्या माणसाला. प्रत्येक वेळी त्या स्क्रूवर वरून एक नट घट्ट आवळला, म्हणजे कुणाला तो सहज फिरवता येऊ नये. लोकांनी माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

आक्का अजून पाय ओढत चालते. परशा अजून संध्याकाळी येऊन माझ्या स्टुलावर बसतो. मी कुठलीही गाडी चालू करायला घेतली की तो आपला उजवा हात काखेत दाबून धरतो, इंजिन बंद होईपर्यंत. त्याला वाटतं, माझं लक्ष नसतं.