बोटवाली

आमच्या मंडळीच्या एका बोटाला सगळी गल्ली भीत होती. कुणी बाई कचेरीत, ठाण्यात, कोर्टात निघाली की ही तिच्यामागं जाऊन उभी. तोंड बंद. ती बाई घाबरून गप झाली की तिच्या पाठीत बोट खुपसायची. जोरात. मग तोंड उघडायचंच. लोक तिला बोटवाली म्हणायचे.

एका संस्थेचं हे काम होतं, नडलेल्या बायांच्या संगं जायचं. चौसाळ्याच्या स्टँडवर माणसं मला चिडवायची, "काय बे, बायको वकील झाली, आता तू पिशवी धर." मी म्हणायचो, वकील बोलतो तरी, ही बोलत बी न्हाई. एकदा तिलाच विचारलं, "तुला सगळं ठाऊक असतं, मग तूच कावून सांगून टाकत न्हाईस?" तर म्हणाली, "अवो, तिला तोंड हाय की."

शेजारची शैला. युसूफ वडगावच्या सासरच्यांनी तिला हाकललं आणि लहानगी लेक ठेवून घेतली. मग बोलणारे लई गोळा झाले. एका पुढाऱ्यानं बैठक बसवली आणि "पोरगी नांदायला येईल, माझा शब्द," म्हणून मोकळा झाला. शैला तिथंच दाराशी बसलेली, तिला विचारतो कोण! पुढं सरकारी मदतीचा फुकटचा वकील मिळाला. माणूस वाईट नव्हता, पण घाई फार. त्यानं पोटगी मागायची ठरवली, राहायला खोली मागायची ठरवली, फक्त लेक मागायची सोडली. त्याला वाटलं, पोरगी तरणी आहे, दुसरं लग्न करील, लेकरू आडवं येईल. त्याला वाटलं!

वकिलाच्या समोरच आमचीनं बोट असं घातलं की शैला खुर्चीवरून उठलीच. "साहेब, मला माझी लेक पायजे. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" वकील म्हणाला.

तेव्हा तेवढी आमची बोलली, "तुमी इचारलं कधी?"

त्यानंतर नुसत्या तारखा. कधी समोरचा वकील नाही, कधी जज मॅडम रजेवर. तिकडं ती लेक आत्याला आई म्हणायला लागली, असं कळलं. मंडळीच्या डोक्यात हीच आग. दिवाळीच्या तोंडावर आमची काविळीनं गेली. जायच्या आधी दवाखान्यात मला म्हणाली, "शैलाच्या तारखेला जावा. आन् गप उभं ऱ्हावा. तुमाला लई बोलायची खोड हाय."

गेलतो. पुन्हा समोरचा वकील आलेला नव्हता. कोर्टातल्या मॅडम पुढची तारीख सांगायला लागल्या, आपला वकील मान डोलावतोय. माझं डोकं फिरलं. "मॅडम, आवं ह्या पोरीचं लेकरू..." म्हणून मी ओरडलो. शिपाई धावला.

शैलानं वळून बघितलं. "मामा, तुमी मागं व्हा." आणि ती पुढं झाली. "मॅडम, पुढच्या तारखेला माझी लेक मला ओळखणार न्हाई. आज एकडाव तिला बघू द्या, मग तारीख द्या."

मॅडमनी पेन खाली ठेवला. पुढच्या तारखेला लेकीला कोर्टात घेऊन यायचा हुकूम दिला. बस, एवढंच. तारीख ती तारीखच. मी एसटीत खिडकीला डोकं लावून शिव्या घालत आलो, कोर्टाला, पुढाऱ्याला, काविळीला.

शैलाच्या पाठीत आता बोट लागत नाही. माझ्या पाठीत पायजे. घरात कुणाशी बोलणं होत नाही, दिवस दिवस तोंड उघडत नाही. म्हणून दाराकडं पाठ करून बसतो.