वाळूची नळी

माझ्या मामाने आयुष्यभर वाळू हलवली. चेष्टा नाही, पगारच त्याचा मिळायचा. भूकंपात जमीन कशी वागते, यावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या तळघरात त्याची प्रयोगशाळा होती. ओली वाळू यंत्रात बसवायची, हादरे द्यायचे आणि ती कुठवर तग धरते ते पाहायचं. पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्यात पातळ होते आणि वरचं घर कलंडतं. जेवताना मीठ सांडलं तरी हा बोटाने चाचपून बघायचा आणि मामी कपाळाला हात लावायची.

शिस्त मात्र कडक. जमिनीतून काढलेली नमुन्याची नळी विद्यार्थ्यांनी मांडीवर उभी धरून, तान्ह्या बाळासारखी आणायची. कोणी गाडीत आडवी टाकून आणली, तर मामा ती न उघडताच परत पाठवायचा.

आईबाबांनी नदीजवळ प्लॉट घेतला, तेव्हा आईने हट्टाने सांगितलं, "माझ्या भावाने हो म्हटल्याशिवाय एक वीट लावायची नाही." बोअर मारणाऱ्याने नळी काढली आणि बाबांनी ती स्वतः स्कूटरवरून पोहोचवली. तपासणीत वाळू घट्ट निघाली. "ताई, बिनधास्त बांध," मामा फोनवर म्हणाला.

घर झालं, आम्ही त्यात वाढलो. मग भूकंप आला. अंगणातून गढूळ पाणी उसळलं आणि घर एका बाजूने खचलं. आम्ही वाचलो, घर पाडावं लागलं. आईबाबा मामाकडे वरच्या खोल्यांत राहायला आले.

एका दुपारी आई माझ्यासमोर साखर भरत होती. डब्यात मावेना, म्हणून डबा ओट्यावर आपटत होती. मामा दारात उभा राहून बघत राहिला.

"ताई, तुझ्या घराचं हेच झालं."

"काय झालं?"

"आपटल्यावर साखर कशी दबून बसते, तशी स्कूटरवर नळीतली वाळू बसली. मी तपासली ती घट्ट, जमिनीत होती ती सैल. दुसरा कोणी असता तर पहिलं विचारलं असतं, कशी आणलीस? भावजींना कसं विचारायचं, म्हणून गप्प बसलो. त्यांना आज सांगून टाकतो. चूक माझी आहे."

मला मामाचा भयंकर राग आला. एवढा शिकला आणि मेहुण्यापुढे भिडस्तपणा! आईने डबा खाली ठेवला. घर गेल्यावरही मी तिला इतकं थकलेलं पाहिलं नव्हतं.

"अजिबात सांगायचं नाही," ती म्हणाली. "तू तुझी चूक सांगशील आणि त्यांना स्वतःचीच ऐकू येईल."

अजूनही पाहुणे आले की बाबा रंगात येतात. "मेहुण्यांनी तपासलेली जमीन हो! नळी मी स्वतः नेली, वाटेत कुठे थांबलो नाही. नशीबच फुटकं, दुसरं काय?"

समोर बसलेला मामा खाली बघत म्हणतो, "फार जपून आणली होतीत, भावजी."