छर्राभाऊंची टणक चाकं

छर्राभाऊंचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आत दोघे उभे राहिले की तिसऱ्याने रस्त्यावर श्वास घ्यायचा. सव्वीस वर्षं त्यांनी तिथे पंक्चरं काढली, वाकड्या चाकांचा आउट काढला आणि ग्रीसमध्ये बेअरिंगचे छर्रे बसवता बसवता आपलं खरं नाव घालवलं. सायकलीतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं त्यांचं मत होतं. दुसरं मत असलेल्याने दुसरं दुकान गाठावं. एक गोष्ट मात्र ते कुणाला सांगत नसत. घर ते दुकान या सपाट रस्त्यापलीकडे त्यांनी स्वतः कधी सायकल हाणली नव्हती.

त्यांची बायको एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. बेचाळिसाव्या वर्षी तिने ठरवलं, डोंगरातली सायकल शिकायची. खेळाचे एक निवृत्त सर दर रविवारी सात-आठ नवशिक्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर नेत. टेकडीवर सायकल चालवायला लागून त्यांना स्वतःलाही दोनच वर्षं झाली होती. "वय काय, हौस काय," असं भाऊ म्हणाले खरे, पण सायकल त्यांनीच जुळवली. गिऱ्हाइकाने टाकून दिलेली फ्रेम, जाड नक्षीचे टायर, पुढे शॉकअप. आपली बायको दुसऱ्याच्या हातची सायकल चालवणार म्हणजे नाकच कापलं जायचं.

पहिल्या रविवारी ती कोपर सोलून आली, तिसऱ्या रविवारी हसत आली. मग घरात दुसरा विषय उरला नाही. सर म्हणतात, उतारावर बसायचं नाही, पेडलवर उभं राहायचं. सर म्हणतात, चाकाकडे नाही, जायचंय तिकडे बघायचं. सर म्हणतात, पुढचा ब्रेक एका बोटानं. भाऊ भाकरी जोरात मोडायचे. तो ब्रेक बसवला कुणी? सरांना साधी उतरलेली चेन चढवता येत नव्हती, दोनदा दुकानात आले होते, आणि घरात त्यांचा शब्द म्हणजे वेदवाक्य! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

गल्लीतही पारडं फिरलं. आधी ती सायकलवाल्याची बायको होती. आता नवी भाडेकरीण भाऊंना विचारायची, "त्या टेकडीवर जातात ना, त्यांचे मिस्टर तुम्हीच का?" भाऊ हो म्हणायचे आणि दिवसभर पान्याशी भांडायचे.

त्यांच्या हाती एकच उरलं होतं, शनिवारची संध्याकाळ. ती सायकल दुकानात आणायची आणि भाऊ दोन्ही चाकांत हवा भरायचे. दाबला तर अंगठाच मागे यावा, इतकी टणक. ती त्यांच्या दुकानाची खूणच होती. "तुम्ही भरलीत म्हणजे काळजी नाही," ती म्हणायची. त्या एका वाक्यावर भाऊ पुढचा शनिवार गाठायचे. हेही त्या सरांनी काढून घेतलं तर आपल्याला विचारणार कोण, ही धास्ती त्यांना होतीच.

पाचव्या महिन्यात त्यांना राहवेना. "उद्या मीही येतो," ते म्हणाले.

ती म्हणाली, "कशाला? दमाल उगाच."

झालं, आगीत तेल. भाऊ पहाटेच उठून तयार.

टेकडीच्या पायथ्याशी सगळे थांबले. एकेकाने वाकून वॉल्व्हला हात घातला आणि फुस्स, फुस्स, हवा सोडायला लागले. सरसुद्धा. आपल्या दुकानावर कुणी दगड मारतंय असं भाऊंना वाटलं. बायको तेवढी सायकल धरून उभी होती, त्यांच्याकडे न बघता.

"तुमची राहिली का?" सरांनी तिला विचारलं.

"आज असू दे," ती म्हणाली.

वर गेली आणि परतीच्या पहिल्याच वळणावर, खडीवर, तिचं टणक चाक चेंडूसारखं उडालं. ती कुशीवर पडली. सायकल ढकलत मागून वर येणारे भाऊ ती टाकून धावले. गुडघा चांगलाच सोलवटला होता.

"दर रविवारी हवा सोडतेस?" त्यांनी विचारलं.

"हो. मऊ चाक दगडाला धरतं. घरी येताना परत पंप मारते, तुम्ही भरता तेवढाच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला लागलं असतं."

भाऊंना चिडायचं होतं, आणि चिडायला सर जवळच उभे होते. "हे तुम्हीच शिकवलंत ना हिला?"

"छे हो," सर म्हणाले. "आम्हीच यांच्याकडून शिकलो. आधी सगळेच आपटत होतो. शीर चाचपतात तसा यांनी टायर चाचपून अंदाज काढला."

पाच महिने सरांवर जळण्यात फुकट गेले होते. जळायचं होतं ते हिच्यावर. ते जास्त भाजत होतं, कारण त्याची तक्रार करायची तरी कुणाकडे? आजवर ती हिच्याकडेच केली होती.

"आण इकडे," ते शेवटी म्हणाले. पुढच्या चाकातली हवा तिने सोडली, मागच्यातली त्यांनी. भरलेली हवा मुद्दाम सोडायची म्हणजे हात चालेना. अंगठा जरासा आत गेला तशी त्यांनी वॉल्व्हची टोपी बसवली. "पुरे ना?"

"पुरे," ती म्हणाली.

भाऊ आपल्या सायकलकडे निघाले. चार पावलं गेले असतील, तोच मागून फुस्स ऐकू आलं, दबक्या बोटानं हळूच सोडलेलं. आपल्याला ते ऐकू आलंच नाही असं तिला वाटावं म्हणून भाऊ मोठ्याने खोकले आणि वळून न बघता चालत राहिले.