दाराआडची झील

काल नातीने माळ्यावरचा डफ काढला आणि गॅसवर शेकायला घेतला. तापल्या चामड्याचा वास घरभर झाला आणि मी थेट पन्नास वर्षं मागे, मरोळच्या आमच्या चाळीत जाऊन बसले.

यांच्या कारखान्यात संप होता. हे युनियनचे शाहीर. आणि यांचा सख्खा धाकटा भाऊ संप मोडून कामावर जायला लागला होता. रागाच्या भरात यांनी भावजींवरच पोवाडा रचला.

मी म्हटलं, "अहो, शेजारच्याच खोलीत राहतात ती. जाऊबाई बाळंतीण आहे, ऐकू जाईल ना!"

"जाऊ दे की! त्याच्यासाठीच लिहिलाय."

संध्याकाळी चाळीसमोर डफ कडाडला. "गेटावरती उभे राहिलो, उपाशीपोटी भाऊ भाऊ," एवढं गाऊन हे थांबले. इथे मागच्याने 'जी जी रं जी' म्हणत झील धरायची. पण यांच्यामागे झील धरायचे ते कायम भावजीच. बाकीचे नुसते एकमेकांची तोंडं बघत राहिले.

तेवढ्यात भावजींच्या बंद दाराआडून आवाज आला, "जी जी रं जी!" अगदी सुरात. सवयीने निघून गेलं असणार तोंडून.

कोणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या ओळीत 'घरभेदी' होतं. मी पदर मुठीत आवळला. यांनी त्या दाराकडे तोंड केलं आणि पहिलीच ओळ पुन्हा गायली. मग आणखी एकदा. दर वेळी आतून झील आली.

तेव्हा मला वाटलं, हे पुढची ओळ विसरले.