डांबरी खळं

साठ-बासष्टच्या सुमारास मी वडगावच्या कचेरीत सायकलने जायचो. मागून ट्रक भोंगा वाजवत अंगावर यायचे, कडेने माणसं चालायची, आणि दिवाळीनंतर उरलासुरला रस्ताही नाचणीच्या कणसांनी भरायचा. का, तर गाड्यांच्या चाकांखाली आयती मळणी होते!

एकदा ट्रकला वाट द्यायला गेलो, कणसांवरून चाक सटकलं आणि आडवा झालो. गुडघा फुटला. राखणीला बसलेली मावशी धावत आली. मला वाटलं, उठवायला.

"भाऊ, कडंनं जावा की!" ती खेकसली. "सायकलनं दाना सुटत न्हाई, उगा कणसं इस्कटत्यात."

"कडेनं कुठून जाऊ, मावशी? तिथं माणसं चालतात!"

"मग तुमीबी उतरा आन् चाला की माणसावानी!"