देव्हाऱ्यातली चिनी बशी

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं.

मी मेढ्याच्या पोलीस ठाण्यात असताना तिकडच्या एका गावात एका घराच्या देव्हाऱ्यातून चिनी मातीची बशी चोरीला गेली. घरातले आजोबा फौजेत होते, त्यांनी ती लढाईवरून येताना आणलेली. तिच्यावर बैलावर बसलेली बाई रंगवली होती. घरचे तिला नंदीवरची देवी म्हणून पुजायचे. फिर्याद दिली घरच्या कर्त्या मुलाने आणि संशय घेतला माणदेशातल्या एका मेंढपाळावर. रानाला खत मिळावं म्हणून त्याची मेंढरं याच घराने शेतात बसवली होती. आम्ही पोचेपर्यंत गावाने त्याला बडवून काढलं होतं. फिर्यादीत नाव, म्हणून अटकही त्यालाच.

"माज्या मेंढरांकडं कोण बघंल, सायेब?" कोठडीत त्याचा तेवढाच धोशा.

पुढे खबऱ्याने बातमी दिली आणि महाबळेश्वरच्या एका हॉटेलात ती बशी भिंतीवर सापडली. मालक म्हणाला, दलालाकडून घेतली. दलालाचा पत्ता नव्हता. जाणकाराला दाखवली तर त्याने सांगितलं, बशी चीनची, चित्र युरोपात काढलेलं. ग्रीकांचा एक देव बैलाचं सोंग घेऊन पोरीला पळवून नेतो, ते हे चित्र. म्हणजे देवी वगैरे काही नव्हतीच.

मी पंचनाम्याचा कागद पुन्हा काढून वाचला. बशीच्या जागी तांदळावर एक सुपारी मांडलेली होती. देव जागेवरून हलवला की आपल्याकडे तशी सुपारी ठेवतात. मी मुलाला ठाण्यात बोलावलं.

"सुपारी कुणी ठेवली रं?"

"चोरानं ठेवली आसंल."

"चोर देवाच्या जागी सुपारी मांडून जातो व्हय?"

मग तो म्हणाला, "देवाची जागा मोकळी ठिवू न्हाई, सायेब." दलालाला बशी त्यानेच विकली होती.

त्याच्या म्हाताऱ्या आईला विचारलं, "आजी, तुम्हाला कधी कळलं?"

"सुपारी बघितली तवाच. पोटचं पोर हाय, काय करू?"

रोज त्या सुपारीला फूल वाहत होती बाई, आणि तो बिचारा मेंढपाळ आत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मेंढपाळ सुटला तोवर त्याची निम्मी मेंढरं कुत्र्यांनी फाडली होती. उरलेली घेऊन तो माणदेशाकडे निघून गेला. माफी मागायला त्या घरातून कुणी आलं नाही.

माणसं देवाला भितात, म्हणून भली असतील असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या घराने देवाची जागा एक दिवस मोकळी ठेवली नाही, आणि स्वतःच्या जागी दुसऱ्याला कोठडीत बसवलं.